लाल ट्रॉली घेण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. हत्यारं ठेवायची सात ड्रॉवरची लाल ट्रॉली, २७,००० रुपये, बारा हप्ते. खाली विचारलंयस, "काका, नवी घेऊ की जुनी बघू?" फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतोस आणि मग करायचं तेच करतोस, अशी तुझ्या वडिलांची तक्रार आहे. म्हणून लिहून पाठवतो.

आज तुझ्याकडे हत्यारं किती आहेत ते आधी मोज. आयटीआयला असताना घेतलेला डबल पान्यांचा सेट, रिंग पान्यांचा सेट, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, ॲलन कीचा जुडगा, हातोडी आणि गेल्या दिवाळीला आजोबांनी दिलेला अर्ध्या इंचाचा गोटी (सॉकेट) सेट. सात ड्रॉवरमध्ये हे मांडलंस तर निम्मे ड्रॉवर रिकामे राहतील. आणि गॅरेजमधला रिकामा ड्रॉवर फार दिवस रिकामा राहत नाही बरं का. कुणाचा तरी काढून ठेवलेला क्लॅम्प, उडालेले फ्यूज, जुने बोल्ट, चहावाल्याच्या उधारीची चिठ्ठी, सगळं तिथे मुक्कामाला येतं. वर्षभर हप्ते भरून भंगाराला घर बांधून दिल्यासारखं होईल.

ते अमेरिकन मेकॅनिकचे व्हिडिओ तू बघतोस, मला ठाऊक आहे. माणसाच्या छातीएवढी उंच पेटी, ड्रॉवर ओढला की चकचकीत गोट्यांच्या रांगा. मलाही बघायला आवडतं. पण तिकडची रीत वेगळी आहे. तिथे वर्कशॉपमध्ये नोकरी करायची तरी बहुतेकांना हत्यारं स्वतःची आणावी लागतात, आणि स्नॅप-ऑनसारख्या कंपन्यांच्या गाड्या दर आठवड्याला गॅरेजच्या दारात येऊन हप्त्यावर माल देतात. त्या चकचकीत रांगांमागे अनेकांचं कैक वर्षांचं कर्ज असतं. आपल्याकडे अधिकृत सर्व्हिस सेंटरला लागलास तर ट्रॉली आणि हत्यारं बहुधा तिथलीच मिळतात. वहीत तुझ्या नावावर टाकतात, हरवलं की पगारातून कापतात. उद्या तसली नोकरी लागली तर तुझी लाल ट्रॉली घरी कॉटशेजारी उभी राहील आणि आई तिच्यात धुतलेले कपडे ठेवेल.

आता तू ज्या गॅरेजला लागलायस ते मी पाहिलंय. आत शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांतला सिमेंट कधीच निघून गेलेला, आणि दारापुढे मुरूम. फोटोतल्या ट्रॉलीची चाकं तीन इंचांच्या वर दिसत नाहीत. ती त्या सांध्यात अडकणार आणि तू भरलेली ट्रॉली रेटत बसणार. तसल्या जमिनीवर पाच इंची चाकं लागतात, तीही दोन फिरती, दोन सरळ, आणि फिरत्यांना ब्रेक. शिवाय रात्री शटर कोण लावतं, किल्ली किती जणांकडे असते, हे मालकाला विचारलंस का? पेटी रात्री जिथे राहणार ती जागा आधी ठरव, पेटी मग.

माझं मत विचारशील तर छोटी पेटी नवी घे आणि मोठी पेटी जुनी घे. लोक नेमकं उलटं करतात.

छोटी म्हणजे पाच कप्प्यांची, वरून उघडली की दोन्ही बाजूंना जिना पसरावा तशी पसरणारी. नाशिकच्या तापडिया कंपनीची मिळते, आणखी दोन-चार चांगल्या आहेत. लाल ट्रॉलीच्या दोन-तीन हप्त्यांत येईल. ही जुनी का घ्यायची नाही, तर हिचा सगळा जीव त्या पट्ट्यांच्या रिव्हेटमध्ये असतो. कुणीतरी ती कप्पे उघडे असताना उचललेली असते, पट्टी वाकलेली असते, मग झाकण कधी सरळ बसत नाही. बाजारात हातात घेतल्यावर चालते. भरून महिना झाला की दात विचकते.

दुकानात सगळ्यात आधी मूठ बघ. ही अक्कल मला पैसे मोजून आलेली आहे. १९८७ साली मी पहिली पेटी घेतली. निळा रंग, कडा चकचकीत, किंमत परवडणारी. मूठ दोन टिकल्यांएवढ्या स्पॉट वेल्डवर उभी होती, ते मी बघितलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात पुण्यात स्वारगेटला पीएमटीच्या बसमधून उतरताना मूठ हातात राहिली आणि पेटी रस्त्यात. हत्यारं चौफेर. लोकांनी गोळा करून दिली, एका शाळकरी पोराने तर गटारातून गोटी काढून दिली, पण चौदा-पंधराचा रिंग पाना बसखाली गेला तो गेलाच. तेव्हा मूठ आरपार रिव्हेट केलेली हवी आणि आतून पट्टीचा आधार हवा. दुकानदाराला म्हण, "पेटी भरून दाखवा." भरलेली पेटी एका हाताने उचल आणि जरा हलव. कुरकुरली तर ठेव खाली.

आणि पेटी घ्यायची कशासाठी, याबद्दल थोडं. हत्यारं तर पोत्यातही राहतात. माझे उस्ताद पहिली चार वर्षं पोतंच वापरत होते. त्यांच्याकडे ॲम्बॅसिडर यायच्या, त्यांना इंची पाने लागत, आणि फियाटला मिलिमीटरचे. पोत्यात दोन्ही एकत्र. इंची पाना मिमीच्या नटावर चालवून किती नटांचे कान गेले असतील देव जाणे. पण खरा दणका मला बसला तो उस्ताद गेल्यानंतर, माझ्या स्वतःच्या गॅरेजमध्ये. एका गिऱ्हाइकाच्या फियाटचं टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचं अंतर जुळवायचं काम, केलं, गाडी दिली. संध्याकाळी आवराआवर केली, पाने पेटीत टाकले, घरी गेलो. एक पाना बॉनेटखाली राहिलाय हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण पेटीत पाने 'टाकलेले' होते. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी सहकुटुंब लोणावळ्याला निघाले. वाटेत पाना घसरून फॅनमध्ये गेला, फॅनचं पातं वाकलं, रेडिएटर फाटला. भरपाई मी दिली, ते सोड. बाई आणि दोन लहान मुलं भर उन्हात तीन तास रस्त्याच्या कडेला बसली होती, ते त्या माणसाने ज्या शांतपणे मला सांगितलं, तो आवाज अजून आठवतो.

त्यानंतर मी प्रत्येक हत्याराला घर केलं. माझा मावसभाऊ ओझरला एचएएलमध्ये होता, त्याने युक्ती सांगितली. विमानाच्या कामात हत्यारं मोजून नेतात आणि मोजून परत ठेवतात. एक कमी भरलं तर ते सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. ट्रेमध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा असतो. खळगा रिकामा दिसला की संपलं, बोलायची गरज नाही. तू ते महागडे कापलेले फोम घेऊ नकोस. रबरी शीटचे दोन तुकडे आण, खालचा पिवळा, वरचा काळा. काळ्यावर पाना ठेवून खडूने रेघ मार, ब्लेडने काप, पिवळ्यावर चिकटव. पाना जागेवर नसला की पिवळा डोळा उघडा. आणि एक घर मोठं कर, कारण दहा मिमीचा पाना एक घेऊन भागत नाही. दहाचे तीन ठेव. जगातल्या सगळ्या मेकॅनिकचा दहाचाच का हरवतो, याचं उत्तर मला चाळीस वर्षांत मिळालेलं नाही.

छोटी पेटी भरली, झाकण दाबून बसवावं लागायला लागलं, गोटी सेट बाहेर पिशवीत राहायला लागला, की समज मोठी घ्यायची वेळ झाली. तुझा वेग बघता दीड-दोन वर्षं. तोवर हप्त्याचे पैसे बाजूला टाक.

मोठी जुनी घ्यायची कारण पत्रा. स्वस्त नव्या ट्रॉलीला बऱ्याचदा २२ गेजचा पत्रा असतो, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ, हे ध्यानात ठेव. कंपन्यांच्या जुन्या ट्रॉल्या १८ गेजच्या मिळतात, साधारण १.२ मिमी. भोसरी, चाकण, चिंचवडकडे एखादं वर्कशॉप बंद झालं की त्या भंगाराच्या भावाने निघतात. आपल्या स्पेअर पार्टवाल्याच्या कानावर घालून ठेव, त्याला आधी कळतं. मुंबईला गेलास तर नागदेवी स्ट्रीटला चक्कर मार, भाव तरी कळतील. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी बघ. तिथे लष्कराच्या लिलावातल्या हिरव्या पेट्याही असतात. त्या मजबूत असतात, पण खोल विहिरीसारख्या. वरचं काढल्याशिवाय खालचं मिळत नाही. जॅक, पुलर, साखळी असल्या जड मालाला उत्तम, पान्यांना नको.

जुनी ट्रॉली बघताना जुनी गाडी बघतोस तशीच बघ. नवा रंग दिसला की खिशातलं चुंबक काढ आणि खालच्या कडांवरून फिरव. जिथे पकड सुटेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली गंजलेलं भोक. मग टेप घे, मागच्या बाजूला कोपरा ते कोपरा तिरपं माप, दोन्हीकडून. मापं जुळली नाहीत तर सांगाडा पिळलेला आहे, बहुतेक टेम्पोतून पडलेली. असली फुकट मिळाली तरी घेऊ नको, ड्रॉवर जन्मभर अडकतील. मग ती आडवी कर. विकणारा कुरकुर करेल, करू दे. चाकांच्या बुडाशी वेल्डला केसाएवढा तडा आहे का ते बोटाने चाचप. तळाच्या ड्रॉवरमध्ये पांढरट भुकटी आणि खाल्लेला पत्रा दिसला तर कुणीतरी बॅटरी ठेवत होतं. ॲसिडने किती आत खाल्लंय ते बाहेरून दिसत नाही.

ड्रॉवरचं मात्र घाबरू नको. अडकतो, खडखडतो, छर्रे गळालेत, यावर भाव पाड. फर्निचरवाले लावतात ती ४५ किलोची टेलिस्कोपिक चॅनल हार्डवेअरच्या दुकानात मिळते, रविवार पेठेत बोहरी आळीत कुठेही विचार. फक्त एक बघ: तिला ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. जुन्या पद्धतीच्या, पत्र्यावर पत्रा घासणाऱ्या ड्रॉवरला ती जागा नसते, मग काही करता येत नाही. कुलूप बिघडलेलं असेल तर तेही बदलता येतं. उथळ ड्रॉवर जास्त असलेली घे. दोन-अडीच इंच खोली पान्यांना भरपूर झाली. खोल ड्रॉवर दिसायला दिलदार, पण त्यात पान्यावर पाना चढतो आणि पुन्हा पोतंच होतं. जड माल तळाला ठेव आणि वरचे दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडू नकोस, ट्रॉली तोंडावर येते. माझ्या एका हेल्परचा पाय थोडक्यात वाचलाय.

पेटीबरोबर हत्यारंही देतो म्हणाला तर पाने, गोट्या, हातोड्या घे. पण पान्यावर कोरलेलं नाव ग्राइंडरने घासलेलं दिसलं तर काढता पाय घे. ते कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन आलेलं असतं, आणि चोरीचा माल घेणाराही गुन्ह्यात सापडतो. साध्या कागदावर का होईना, पावती माग. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना, जुना घेऊ नकोस, आधीच्याने तो बोल्ट सोडवायला वापरून त्याचं माप बिघडवलंय की नाही ते कळत नाही. जॅक आणि घोड्या (उचललेल्या गाडीचे टेकू) नव्याच. गाडीखाली तू झोपणार आहेस.

एक ड्रॉवर मोकळा सोड, पण भंगाराला नव्हे. हायब्रिड आणि बॅटरीच्या गाड्या येणार तुझ्याकडे, आल्याच आहेत. त्यांना १००० व्होल्टची खूण असलेली इन्सुलेटेड हत्यारं लागतात. ती बाकीच्यांत मिसळायची नाहीत, त्यांचं आवरण चिरलं की ती साधी हत्यारं झाली.

पावसाळ्यात ओली चिंधी पेटीत राहू देऊ नकोस. उस्ताद ड्रॉवरमध्ये कापराची वडी ठेवायचे, गंज धरत नाही म्हणायचे. मीही ठेवतो. ड्रॉवर ओढला की देवळात गेल्यासारखं वाटतं, तेवढा फायदा तर नक्की आहे.

खंडेनवमीच्या आत छोटी पेटी आण, म्हणजे यंदा तुझी हत्यारं माझ्या पाटावर नको, तुझ्याच पेटीवर पुजता येतील. झेंडूची माळ मी आणतो. आणि मोठी बघायला जाशील त्या बुधवारी मला सकाळी आठला फोन कर. नंतर गेलास तर चांगला माल उठलेला असतो.

तुझा,
काका

ता. क. जाताना टेप, चुंबक आणि एक जुनी चादर घे. ट्रॉली टेम्पोत आडवी घालायची झाली तर ड्रॉवर आधी सुतळीने बांध. मी एकदा बांधले नव्हते, आणि संगमवाडीच्या पुलावर मागच्या रिक्षावाल्याने मला दोन ड्रॉवर आणून दिले होते.