नवीन माणसाने मेंढीपालन कोणत्या जातीपासून सुरू करावं? बाजारात जात आणि वय ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की बारामतीकडे दोन एकर बागायत आहे, वीस मेंढ्या घ्यायच्यात आणि मोबाईलवर माडग्याळचे व्हिडिओ बघून मन तिकडे ओढतंय. आमचं घर माण तालुक्यातल्या मेंढपाळांचं, त्यामुळे थेट सांगतो: माद्या दख्खनी घ्या, आणि हौस भागवायचीच असेल तर नर माडग्याळ ठेवा.

दख्खनी म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या कडेने जाताना दिसतं ते मेंढरू. काळं किंवा करडं, अंगावर आखूड खरबरीत लोकर, मान बारीक, छाती अरुंद, नाक थोडं बाकदार, माद्या बहुतेक बिनशिंगी. दिसायला काही खास नाही. पण उन्हाळ्यात वाळक्या काशा खाऊन तग धरते, मैलोन्‌मैल चालते आणि दुष्काळातही वेत चुकवत नाही. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी हे सगळे तिचेच प्रकार.

माडग्याळ ही जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच पाय, लांब मान, आणि नाक असं बाकदार की दुरून ओळखू येतं. कोकरं झपाट्याने वाढतात, मटणाला भाव चांगला. पण आटपाडीच्या बाजारात लाखांच्या बोली लागतात त्या निवडक नरांना आणि हौशी गिऱ्हाइकांच्या जोरावर. त्यावरून तुमच्या गोठ्याचा हिशेब मांडू नका. शिवाय दलाल ठिपके दाखवून संकर खपवतात. ठिपका बघू नका, नाक आणि पायाची उंची बघा. माडग्याळ नर लावायचा तर पहिलारू दख्खनीला लावू नका. कोकरू अंगाने मोठं असतं, आई अडते.

बाकीच्या थोडक्यात. नेल्लोर आंध्रची, उंच, अंगावर लोकर नाही तर केस. तिच्यातल्या जोडीपीला डोळ्यांभोवती आणि तोंडावर काळे डाग असतात. बन्नूर कर्नाटकातल्या मंड्याकडची, बुटकी, रुंद, मांड्या भरलेल्या. तुमच्या शेजारी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, ती जरूर बघून या. मात्र जुळ्यांच्या आईला खुराक जास्त लागतो. तो द्यायची तयारी नसेल तर एक धडधाकट कोकरू बरं.

आता बाजार. मेंढीचा खालचा ओठ खाली ओढा. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, खालचे मोजायचे. सगळे दुधाचे बारीक दात असतील तर अदात, म्हणजे वर्षाच्या आतबाहेर. मधले दोन मोठे आले की दोन दाती, साधारण सव्वा ते दीड वर्ष. चार दाती दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती अडीच-तीन, आणि आठही आले की जुळली. दात झिजलेले, फटी पडलेल्या असतील तर सोडून द्या, ती मेंढी कोणीतरी काढून टाकलेली आहे. तुम्ही दोन ते चार दाती घ्या. मग डोळ्याची खालची पापणी उलटवा: आत लालसर हवं, पांढरट असेल तर पोटात जंत असण्याची शंका घ्या. जबड्याखाली हात फिरवा, तिथे मऊ सूज लागली तर तीच शंका दुप्पट. सडाला गाठ नको, दोन्ही चालू हवेत. खुरांच्या मधे वाकून वास घ्या, सडका वास आला तर ते जनावर सगळा कळप लंगडा करेल. पाठीवरून हात फिरवल्याशिवाय पैसे देऊ नका; लोकरीखाली हाडं लपतात.

आणलेल्या मेंढ्या पंधरा दिवस वेगळ्या बांधा.

वीस मेंढ्यांना पूर्ण बंदिस्त ठेवलंत तर रोज साधारण ऐंशी किलो ओला चारा आणि वीस किलो सुका लागेल. लसूणघास, मका, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावा. थोडं तरी चारायला सोडाच, खुरं आणि पोट दोन्ही ठीक राहतात. एका मेंढीला दहा चौरस फूट छताखाली आणि त्याच्या दुप्पट जागा मोकळी. वीस माद्यांना एक नर पुरतो, पण दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर स्वतःच्याच लेकींना लागेल. नर लावायच्या आधी दोन-तीन आठवडे माद्यांना मूठभर जास्त मका-बाजरी दिली की माजावर नीट येतात. पाच महिन्यांनी कोकरू. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे.

गायीसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस ती अचानक जाते. दुकानात मेंढीचं वेगळं मागून घ्या.

नवखा माणूस बुडतो तो पावसाळ्यात. मेंढीला थंडी सोसते, चिखल सोसत नाही. मे अखेर जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस झालेली हवी. पहिल्या पावसानंतर हिरवं लुसलुशीत गवत पोटभर खाल्लं, किंवा खळ्यावर दाण्यात तोंड घातलं, की या आंत्रविषाराने रातोरात मरतं ते कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू. औषधाला वेळ मिळत नाही. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी), घटसर्प आणि देवीच्या लसींचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून आणा. पाऊस ओसरताना चिलटांमुळे निळी जीभ येते: तोंड सुजतं, नाक वाहतं, पाय ओढतात. संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा धूर करा, ओढ्याच्या कडेला चारू नका. तिथल्याच गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या जंतांचाही त्रास होतो.

लोकरीचे पैसे धरू नका, कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. वर्षातून दोनदा कातरायची ती मेंढीला बरं वाटावं म्हणून. खरा जोडधंदा लेंडीखताचा. आमच्याकडे वाडा, म्हणजे कळप, रात्री शेतात बसवायला शेतकरी धान्य-पैसे देतात. तुम्ही आपल्याच रानात वाघर (कळपाभोवती लावायची जाळी) रोज रात्री पुढे सरकवत न्या, उसाच्या लागणीआधी तो तुकडा वेगळा दिसेल.

धनगर समाजातले असाल तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर 75 टक्के अनुदानावर मिळतात. अर्जाच्या तारखा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. त्यातूनही मेंढ्या मिळाल्या तरी दात आणि पापणी स्वतः बघूनच ताब्यात घ्या.