चपला राहू द्या, बॅटरी घ्या

प्रश्न : मे महिन्यात मुलीकडे केंब्रिजला जाते आहे. मोठी चर्चं सगळेच दाखवतात. मला एखाद्या खेड्यातलं जुनं चर्च निवांत बघायचंय. आपण हिंदू, आत गेलेलं चालतं का? चपला बाहेर काढायच्या का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, चपला पायातच असू द्या. मेमध्येसुद्धा तिथली फरशी अशी गार असते की तळवे बधिर होतात. धर्म कुणी विचारत नाही. रविवारी सकाळची प्रार्थनेची वेळ टाळा म्हणजे झालं. आणि जावईबापू बरोबर आले, तर आत टोपी काढायला सांगा.

गाव म्हणाल, तर अ‍ॅशवेल. लंडनकडे जाणारी, थांबत थांबत जाणारी गाडी धरून ‘अ‍ॅशवेल अँड मॉर्डन’ला उतरायचं. स्टेशनला गावाचं नाव असलं तरी गाव दोनेक मैलांवर आहे, तेव्हा टॅक्सी आधीच सांगून ठेवा. सेंट मेरी चर्च चौदाव्या शतकातलं. मनोरा १७६ फुटी, पण त्याचं मला फारसं कौतुक नाही. तो शेतातूनही दिसतो. तुम्ही जायचं मनोऱ्याच्या तळाशी, उत्तरेकडच्या भिंतीपाशी.

माझी पहिली फेरी फुकट गेली. मोबाइलचा दिवा समोरून मारला, तर नुसते ओरखडे. तिथे फुलं लावत बसलेल्या आजीबाई उठल्या, त्यांनी माझा हात धरून दिवा भिंतीला जवळजवळ टेकवला, आडवा. एकेक अक्षर वर आलं! दगड खडूच्या जातीचा, मऊ. त्यावर कुणीतरी लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय : १३५० साल, दीनवाणं, क्रूर, साथ गेली, साक्षीला उरला तो गाळातला माणूस. खाली १३६१चं वादळ. त्या साली प्लेग पुन्हा आलाच होता. आमची पणजी प्लेगात माळावर झोपडी घालून राहिलेली, त्यामुळे असेल, पण मी तिथून लवकर हलले नाही.

त्याच भिंतीवर लंडनच्या जुन्या सेंट पॉलचं चित्रही कोरलेलं आहे. ते चर्च १६६६च्या आगीत गेलं. आणि आत एका खांबावर कुणा चोखंदळाची तक्रार आहे : सांधे नीट जुळलेले नाहीत, थू! मी दोनदा निरखून बघितलं. मला तरी सांधा ठीक वाटला.