पॅरालिसिसचा झटका येऊन तीन महिने झाले, बाबांना चालायला न्यावं का? (टिळकवाडी, बेळगाव)

न्याच, पण आधी डॉक्टरांकडून बीपी आणि ईसीजी बघून घ्या. आपल्याकडे झटका आला की माणसाला खाटेवर बसवून ठेवतात, 'दमतील' म्हणून. त्यानंच ताकद आणखी जाते. चालण्यानं बीपी, साखर आटोक्यात राहायला मदत होते, मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्या बऱ्या राहतात.

सुरुवात 5-10 मिनिटांनी, दिवसातून दोनदा. हळूहळू 20-30 मिनिटं, आठवड्यातून 3 ते 5 दिवस. वेग किती? चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर जाऊ नका, ती गोळी ठोके वाढू देत नाही.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतली सावली उत्तम, मात्र मुळं आणि खड्डे बघून. तोल जात असेल तर अशक्त बाजूला तुम्ही राहा. जुलैत बेळगावचा पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा घरातल्या घरात फेऱ्या किंवा खुर्चीवरून उठबस. श्वास मात्र रोखायचा नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबवा. तोंड वाकडं, बोबडी वळली, हात गळाला तर घरगुती मालीश नको, थेट 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.