भीड चेपण्याची पहिली दहा मिनिटं

वाचक विचारतात

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. घरात तोंड मिटत नाही ते मूल खेळाच्या वर्गात, छंदवर्गात किंवा क्लबात पाऊल टाकायला तयार नाही. त्यातली पाच पत्रं थोडक्यात देऊन त्यांना उत्तरं देत आहोत.

माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. फुटबॉल खेळायचंय म्हणून त्यानेच हट्ट धरला. वर्गाला तीनदा नेलं, तिन्ही वेळा माझ्या पाठीमागे लपून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी रडायला लागला म्हणून परत आणलं. सर म्हणतात, "सोडून जा, दोन दिवसांत रुळेल." सासूबाई म्हणतात, जबरदस्ती करू नका. कुणाचं ऐकू? — एक आई

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. मुलाला फुटबॉल हवा आहे, आत शिरणं तेवढं जमत नाही. नव्या जागी, नव्या माणसांत सावकाश मिसळणं हा काही मुलांचा मूळ स्वभावच असतो. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये काही मुलांना जन्मापासून पुढे वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांत अशी सावकाश रुळणारी मुलं साधारण १५ टक्के होती. तेव्हा स्वभाव बदलण्याच्या मागे लागू नका. आत शिरतानाची पहिली दहा मिनिटं सोपी करा.

आधी तिसऱ्या दिवशी काय झालं ते पाहू. भीती अगदी टोकाला असताना तुम्ही निघालात. निघताक्षणी त्याला हायसं वाटलं आणि "इथून गेलं की बरं वाटतं" एवढा धडा पक्का झाला. चौथा दिवस म्हणूनच पहिल्यापेक्षा जड जातो. खेळला नाही तरी चालेल, पण रडत असताना निघायचं नाही. कडेला बसा, पाणी द्या, समजुतीची भाषणं करू नका, आणि तो शांत झाल्यावर किंवा वर्ग सुटल्यावर सगळ्यांबरोबर बाहेर पडा.

आता वेळेबद्दल. तुम्ही बहुधा वर्ग सुरू होताना किंवा दोन मिनिटं उशिरा पोचता. तोवर वीस मुलं पळत असतात, शिट्टी वाजत असते, सगळ्यांना एकमेकांची नावं माहीत असतात. जमलेल्या घोळक्यात शिरणं मोठ्यांनाही नको वाटतं. तेच १५ मिनिटं आधी गेलात तर मैदान रिकामं असतं. मुलं एकेक करून येतात आणि तुमचा मुलगा आधीपासून तिथला असतो. सरांना सांगून ठेवा की आल्या आल्या त्याच्या हातात आठ-दहा कोन (खुणेसाठी मैदानावर ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू) द्या आणि ते पाच-पाच पावलांवर मांडायला सांगा. हात कामात, नजर जमिनीकडे, आणि तिथे असायला कारण. दुसरं कुणी आलं तर "हा इथे ठेवू का?" एवढं बोलणं आपोआप होतं.

पायऱ्या साधारण अशा ठेवा. वर्ग नसेल अशा वेळी एकदा मैदानावर जाऊन दोघांनीच २० मिनिटं चेंडू मारा. दप्तरं कुठे ठेवतात, पाणी कुठे, शौचालय कुठे तेही दाखवून ठेवा. (शौचालय कुठे आहे ते विचारायची लाज वाटते म्हणून वर्ग नको म्हणणारी मुलं असतात, आणि ती हे कारण सांगत नाहीत.) पहिल्या वर्गाला कोन मांडायचे आणि मग बसून पाहायचं, पण तुमच्या मागे नाही, मुलांच्या बाकावर. पुढच्या वेळी कोन आणि वॉर्म-अप. वॉर्म-अपमध्ये सगळे आपापले धावत असतात, कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही, चूक दिसत नाही. त्यापुढे एका ठरलेल्या जोडीदाराबरोबर पासिंग. शेवटचा सामना सर्वांत शेवटी, कारण तिथे एकाच वेळी सगळ्यांची नजर, आरडाओरडा आणि हार-जीत असते.

एक पायरी दोनदा नीट जमली की वर चढायचं. "किती भीती वाटतेय, ० ते १०?" असं विचारा. तीन-चार म्हणाला तर पुढे चला. सात किंवा जास्त म्हणाला तर पायरी मोठी झाली, ती निम्मी करा: दहा मिनिटांऐवजी पाच. पार पहिल्या पायरीवर मात्र आणू नका.

आणि तुमचं काय? आधी बाकापाशी, मग कुंपणाबाहेर, मग वर्ग संपायच्या वेळी. बदल घरीच सांगून ठेवा. "पाण्याची बाटली विसरले, आलेच हं" म्हणून पसार होऊ नका. तो डाव एकदाच चालतो, पुढच्या वेळी मूल बोटच सोडत नाही. निरोप एका वाक्याचा: "सहा वाजता मी याच बाकावर असेन." आणि सहाला पाच कमी असतानाच तिथे या. कुंपणाबाहेरून सूचना नकोत, मोबाइलवर चित्रीकरण तर अजिबात नको.

मुलगी दहा वर्षांची, बॅडमिंटनला जाते. खेळते बरी, पण जोड्या लावताना नेहमी शेवटी उरते आणि मधल्या सुट्टीत एकटीच बसते. प्रशिक्षकांशी बोलावं का? उगीच तिच्यावर शिक्का बसेल अशी धास्ती वाटते. — एक बाबा

बोला, फक्त "लाजाळू" हा शब्द वापरू नका. तो ऐकला की माणूस एक तर फाजील काळजी घेतो किंवा सगळ्यांसमोर "काय गं, बोलत का नाहीस?" असं विचारून मोकळा होतो. स्वभावाचं वर्णन न करता करायच्या गोष्टी सांगा. वर्ग सुरू व्हायच्या गडबडीत नाही, आधी वेळ घेऊन, किंवा लेखी. मजकूर असा चालेल: "तिला नव्या लोकांत मोकळं व्हायला चार-सहा वर्ग लागतात. जोड्या तुम्हीच लावल्यात तर बरं होईल. सुरुवातीला सगळ्यांसमोर करून दाखवायला बोलावू नका. काही सांगायचं असेल तर जवळ येऊन सांगा. शटल मोजण्याचं किंवा गोळा करण्याचं काम तिच्याकडे द्या."

तुम्ही म्हणता त्या दोन्ही वेळा, जोड्या आणि सुट्टी, एकाच जातीच्या आहेत. खेळ चालू असताना प्रत्येकाला काय करायचं ते ठाऊक असतं, बुजऱ्या मुलीला ते सोयीचं जातं. नियम नसलेली पाच मिनिटं तिच्या अंगावर येतात. "आपापले जोडीदार निवडा" या वाक्यानं तर मैत्रीची जाहीर मोजणीच होते. त्याऐवजी रांगेत एक-दोन, एक-दोन असे आकडे म्हणायला लावले की कुणी उरत नाही. मुलं विषम असतील तर तिघांचा एक गट, आणि तो रोज वेगळ्या मुलांचा.

सुट्टीसाठी घरी थोडी तयारी करता येते. बहुतेक पालक "जा, त्यांना विचार, मला घेता का खेळायला?" असं शिकवतात. हा सल्ला बरा नाही, कारण या प्रश्नाला "नाही" हे उत्तर आयतं मिळतं आणि चाललेला खेळ थांबून सगळे तिच्याकडे बघतात. जी मुलं सहज मिसळतात ती काय करतात ते नीट बघा. आधी जवळ उभी राहून मिनिटभर पाहतात, मग शेजारीच तेच करू लागतात आणि मग जे चाललंय त्याबद्दल एखादं वाक्य बोलतात. शटल जाळीत अडकलं तर "थांब, मी काढते." गुण विसरले तर "सात-पाच झालेत." स्वतःबद्दल काही नाही, परवानगी मागणं नाही. अशी तीन-चार वाक्यं घरी तुम्ही भिडू होऊन खेळता खेळता म्हणवून घ्या. आवाज ऐकू जाईल इतका हवा. मुली-मुलं बरोबर वाक्य बोलतात पण इतकं हळू की समोरच्याला कळतच नाही, आणि मग "माझ्याशी कुणी बोललं नाही" असं घरी येऊन सांगतात.

त्या वर्गातल्या एकाच मुलीला घरी बोलवा. एकीलाच, तासाभरासाठी, करायला काहीतरी ठरवून. वर्गात एक ओळखीचा चेहरा असला की निम्मं काम होतं.

शांत मुलांसाठी कोणता खेळ बरा? सगळे म्हणतात, बुद्धिबळाला घाला.

मुलाला बुद्धिबळ आवडत असेल तर घाला. गप्प बसतो म्हणून घालू नका. सुरुवातीला सोपं जातं ते सगळ्यांसोबत राहून आपापलं करायचे खेळ: पोहणं, धावणं, कराटे, जिम्नॅस्टिक्स, कृत्रिम भिंतीवरचं चढणं. टेबल टेनिसमध्ये समोर एकच जण असतो. सांघिक खेळ वर्ज्य नाहीत, फक्त तिथे तुमची चूक दहा जणांना भोवते, त्यामुळे उशिरा रुळतात.

खेळापेक्षा गटाकडे जास्त पाहा. आठ-दहा मुलं, आठवड्यातून दोनदा, तीच मुलं आणि तेच शिक्षक, हे तीस मुलांच्या नावाजलेल्या वर्गापेक्षा केव्हाही चांगलं. प्रवेश नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी घ्या, मधूनच नको. पहिल्या दिवशी सगळेच नवे असतात. एका वेळी एकच वर्ग.

काही मुलं माणसांना नाही, चेंडूला भितात. लहान मुलांच्या टेनिससाठी मिळणारा लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो, त्यावर सुरुवात करा. फुटबॉल आठ वर्षांखालच्या मुलांना ३ नंबरचा, आठ ते बारापर्यंत ४ नंबरचा. मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू पायाला लागतो आणि त्या दुखण्याचा ठपका मुलाच्या भित्रेपणावर जातो. आधी घरी रोज दहा मिनिटं, दोन मीटरवरून वीस झेल. वीसपैकी पंधरा यायला लागले की एक पाऊल मागे सरका.

एवढं करूनही चेंडू हाती लागत नसेल तर डोळे तपासून घ्या. त्याबरोबर बटणं लावणं, नाडी बांधणं, सायकल शिकणं हेही बरोबरीच्या मुलांपेक्षा फार मागे असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हालचालींच्या समन्वयाचा विकार शालेय वयातल्या ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो. अशी मुलं कडेला उभी राहतात ती आपण सगळ्यांसमोर पडू, चुकू हे त्यांना अनुभवानं माहीत असतं म्हणून.

मुलगा बारा वर्षांचा. दोन महिने आनंदानं पोहायला गेला, आता अचानक "जाणार नाही" म्हणतो. बुजरेपणा परत आला का?

बहुधा नाही. बुजरेपणा सुरुवातीला असतो आणि हळूहळू ओसरतो. रुळलेलं मूल एकदम फिरलं तर तिथे काहीतरी घडलंय असं धरून चौकशी करा. "काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर येणार. बारीक प्रश्न विचारा: कपडे बदलताना कोण असतं, कोणी नावं ठेवतं का, गट बदलला का, खोल पाण्यात नेलं का, सर कुणावर ओरडतात, कुणी एकट्याला थांबवून घेतं का. हे प्रश्न समोर बसवून नाही, चालता चालता विचारा. बुजरी मुलं तक्रार करत नाहीत, म्हणून त्रास देणारे त्यांनाच निवडतात. कारण कळेपर्यंत पाठवू नका. इथे "नेटानं जा" म्हणणं चूक.

असं काही निघालं नाही, नुसता कंटाळा असेल, तर ठरलेले वर्ग पुरे करून सोडू द्या. यासाठीच सुरुवातीला आकडा ठरवून घ्यावा: आठ वर्ग, मग तू ठरव. वाईट गेलेल्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, एवढी एकच अट.

मुलगी सहा वर्षांची. घरी भरभरून बोलते, पण शाळेत आणि नृत्याच्या वर्गात वर्षभरात एक शब्द बोललेली नाही. आपोआप जाईल का?

वाट पाहू नका. घरी नीट बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी महिनाभराहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल (शाळेचा पहिला महिना धरत नाहीत) तर ते बालमानसतज्ज्ञांकडे न्यावं. याला निवडक मौन म्हणतात. हा हट्ट नाही आणि उद्धटपणाही नाही. भीतीनं आवाजच फुटत नाही. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा चांगला उपयोग होतो.

नृत्याचा वर्ग बंद करू नका, शरीरानं ती तिथे भाग घेतेच आहे. शिक्षिकेला सांगा की हजेरीला हात वर केला तरी पुरे, आणि बोलण्यासाठी खाऊचं आमिष दाखवू नका. कधी एखादा शब्द निघाला तर टाळ्या वाजवू नका, जणू रोजचंच आहे असं पुढे चला; कौतुकानं सगळ्यांची नजर वळली की पुढचे काही दिवस पुन्हा शांतता.

पुढे पोहायला घालणार असाल तर एक गोष्ट मात्र आधी करा. ही मुलगी अडचणीत हाक मारू शकणार नाही, हे प्रशिक्षक आणि जीवरक्षक दोघांनाही स्पष्ट सांगा. "मला त्रास होतोय"साठी काठाला धरून एक हात सरळ वर, अशी खूण ठरवा आणि पाण्यात उतरण्याआधी काठावर दहा वेळा करून घ्या. खरंच बुडू लागलेल्या माणसाला मात्र हात वर करणंही जमत नाही, म्हणून पहिले काही महिने तिला प्रशिक्षकाच्या हाताच्या अंतरातच ठेवा.