प्रोपोलिसची ॲलर्जी कितपत होते? मधमाशी चावूनही मला काही होत नाही, मग मी बिनधास्त वापरू का?

प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांच्या राळेपासून पोळ्यात बनवतात तो चिकट पदार्थ. आधी दुसरा प्रश्न, कारण घोळ तिथेच आहे. डंखाचा इथे काडीचाही संबंध नाही. विषाची ॲलर्जी मिनिटांत उठते, तर प्रोपोलिसची बहुधा लावल्यावर एक ते तीन दिवसांनी. म्हणून संशय भलत्यावरच जातो. ओठ सोलले, कोपऱ्यांत चिरा पडल्या की लोक टूथपेस्ट बदलतात आणि प्रोपोलिसच्या ज्या 'नैसर्गिक' लिप बामने हे केलं तोच आणखी चोपडतात.

"शुद्ध प्रोपोलिस बाधत नाही" हे तर मला मुळीच पटत नाही. पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरची राळ माश्या गोळा करतात, तिच्यातली कॅफिएट एस्टर नावाची रसायनं हीच मुख्य ॲलर्जीकारक. ज्या फेनेथिल कॅफिएटच्या गुणांची जाहिरात होते, तेही त्यातलंच! ते गाळून टाकलं तर विकायला उरणार काय? झाड बदललं की घटक बदलतात, त्यामुळे एक बाटली सोसली म्हणून दुसरी सोसेलच असं नाही. बाल्सम ऑफ पेरूची (सुगंधासाठी वापरल्या जाणाऱ्या एका झाडाच्या राळेची) ॲलर्जी असेल तर या वाटेला जाऊच नका.

आकडा म्हणाल तर पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून केलेली ॲलर्जीची तपासणी) झालेल्यांपैकी साधारण १ ते ६ टक्के. पण ही मंडळी आधीच त्वचेची तक्रार घेऊन आलेली असतात. सर्वसाधारण लोकांत प्रमाण बरंच कमी. २०१९ पासून युरोपच्या मूलभूत चाचणी-संचात, म्हणजे पॅच टेस्टमध्ये नेहमी तपासायच्या पदार्थांच्या यादीत, प्रोपोलिस आहे.

टेस्टमध्ये पेट्रोलियम जेलीतलं १० टक्के प्रोपोलिस पाठीवर ४८ तास चिकटवतात. पट्टी काढताना एकदा बघायचं आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा. दुसरी तपासणी टाळली की उशिरा उठणारी ॲलर्जी निसटते. घरी बघायचं तर प्रोपोलिसचं मलम कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, किमान सात दिवस, त्याच जागी लावा. खाज किंवा बारीक पुरळ आलं की तिथेच थांबा. अल्कोहोलमधला अर्क लावताक्षणी चुरचुरला तर ती बहुधा अल्कोहोलची आग असते. जखमेवर किंवा इसबावर मात्र प्रयोग नको. फाटक्या त्वचेतून ॲलर्जी नव्याने जडते.

मधपेट्या हाताळणाऱ्यांनी चौकटींवरचं प्रोपोलिस खरवडताना हातमोजे घालावेत. राळ नुसत्या पाण्याने निघत नाही, आधी तेल चोळून मग साबण लावा.

आणि हो, वर सगळं त्वचेचं सांगितलं. स्प्रे किंवा गोळीनंतर जीभ सुजली, श्वास लागला, तर टेस्टबिस्ट नाही, तडक दवाखाना. क्वचित होतं, पण होतं.