वाचकांचे प्रश्न: 'तो' मधेच 'तू' कसा झाला?

प्रश्न: बायबलमधल्या स्तोत्र 23 मध्ये देव आधी 'तो' आहे, मग अचानक 'तू' होतो. लिहिणाऱ्याची चूक का?

उत्तर: चूक नाही हो, खरी गंमत तिथेच आहे! पहिल्या तीन कडव्यांत सगळं छान चाललंय, हिरवी कुरणं, शांत पाणी, तेव्हा कवी देवाबद्दल बोलतो, म्हणजे तो मला नेतो, तो मला ताजंतवानं करतो वगैरे. चौथ्या कडव्यात काळोखी दरी येते आणि तिथेच कवी एकदम देवाशीच बोलायला लागतो, मूळ हिब्रूत 'की अत्ता इम्मादी', म्हणजे 'कारण तू माझ्याबरोबर आहेस'. हिब्रू कवितेत असा सर्वनामाचा बदल बऱ्याचदा दिसतो, पण इथे तो नेमका भीतीच्या जागी आलाय, त्यामुळे मला तरी तो मुद्दाम केलेला वाटतो. दरीसाठीचा शब्द 'त्सलमावेत', काही जण त्याची फोड 'मृत्यूची सावली' अशी करतात, काही अभ्यासक म्हणतात नुसता दाट अंधार. मला दुसरा अर्थ पटतो, कारण मग दरी फक्त मरणाची राहत नाही, कुठल्याही संकटाची होते.

आणि शेवटचं कडवं बघाच. चांगुलपणा आणि 'हेसेद' (दया म्हणा, पण त्यात नातं निभावणंही येतं) माझ्या मागे येतील, असं भाषांतरात बऱ्याचदा असतं. मूळ क्रियापद 'रादाफ', म्हणजे पाठलाग करणं, जे एरवी बऱ्याचदा शत्रूसाठी वापरतात! वरच्याच कडव्यात शत्रू बसलेत आणि पाठलाग करतेय कोण, तर दया.