पुस्तकातला अर्थ आणि समोरचे पान

प्रश्न : दीड वर्षापासून मी टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भाकीत सांगणे, शिकते आहे. अठ्ठ्याहत्तर पानांचे अर्थ वहीत उतरवून पाठ केले. परंतु पाने मांडली की तीच वाक्ये तोंडी येतात. परवा धाकट्या जावेने नोकरी बदलण्याविषयी विचारले, तेव्हा प्याल्यांची पंजी, म्हणजे पाच प्याल्यांचे पान, निघाली. 'दुःख, हानी, पश्चात्ताप' एवढे सांगून मी थांबले आणि ती हिरमुसली. अर्थ लावण्याची स्वतःची पद्धत कशी घडवावी? तसे करताना शास्त्र मोडते का?
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मोडण्यासारखे शास्त्र येथे फारसे नाहीच. पंधराव्या शतकातील इटलीत ही पाने खेळण्यासाठीच होती. त्यांवरून भविष्य सांगण्याची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रुजली. तुमच्याजवळ बहुधा असलेला कॅट 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पॅमेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने त्यात प्याले, तलवारी अशा चिन्हांच्या छोट्या पानांवरही प्रसंग रंगवले. जुन्या फ्रेंच कॅटांत पंजीवर, आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे, नुसते पाच प्याले असत. म्हणजे तुम्ही पाठ केलेल्या अर्थांपैकी बरेचसे एका चित्राकडे पाहूनच कोणीतरी लिहिलेले आहेत, आणि तसे पाहण्याची मुभा तुम्हालाही आहे.

ती पंजी पुन्हा हातात घ्या. काळ्या झग्यातील माणूस सांडलेल्या तीन प्याल्यांकडे मान खाली घालून पाहतो आहे. दोन प्याले त्याच्या पाठीमागे उभे आहेत, पुढे नदी आहे, नदीवर पूल आहे आणि पलीकडे वास्तू आहे. 'हानी' या शब्दात ते दोन प्यालेही येत नाहीत आणि पूलही येत नाही. काळा घोड्याजवळ विश्वामित्री ओलांडणाऱ्या बडोदेकराला पुलाचा अर्थ पुस्तकाने सांगावा लागू नये : एरवी तो आहे हेही आपल्या ध्यानात नसते, आणि पावसाळ्यात नदी चढून तो बंद झाला की पलीकडचे स्टेशनही परगावासारखे वाटू लागते. म्हणून जावेला विचारण्याजोगा प्रश्न असा, की पूल तर आहे, पण तो आज खुला आहे का? हा अर्थ तुमचा आहे, तरीही चित्राला धरून आहे; चित्रात ज्याला आधार सापडत नाही, त्याला मी पद्धत न म्हणता लहर म्हणेन.

सवयीसाठी रोज सकाळी एकच पान काढावे, नजर प्रथम कशावर गेली ते पुस्तक उघडण्यापूर्वी चार ओळींत लिहावे आणि रात्री त्याखाली दिवसाची हकीकत नोंदवावी. महिन्याभराने वही चाळली म्हणजे तलवारी दिसताच आपण नेहमी भांडणच का वाचतो, यांसारख्या स्वतःच्या खोडी उघड्या पडतात, आणि माझ्या मते वहीचा खरा उपयोग तोच आहे. पान उलटे, म्हणजे डोके खाली येऊन निघाले, तर त्याचा वेगळा अर्थ मानायचा की नाही, हे मात्र पिसण्यापूर्वीच ठरवावे. नको ते पान आल्यावर नियम बदलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पुस्तक टाकून देऊ नका, फक्त आधी पान पाहा आणि मग ते उघडा.

पाने पुढचे सांगतात असे मी मानत नाही. ती प्रश्न नीट विचारायला लावतात. त्यामुळे आजारपण आणि कोर्टकचेरी यांसाठी ती मांडू नयेत. जावेपुढे तीच पंजी पुन्हा ठेवा, आणि पाठीमागचे दोन प्याले कोणते, हे या वेळी तिलाच सांगू द्या.